तुझ्या मशीनवरचे दोन लूप

नलूमावशी, तुझं मशीन, तो जुना कॉम्प्युटर, सुरू व्हायला अजूनही चहा उकळून गाळून होईपर्यंतचा वेळ घेतं. तू गेलीस त्याच्या सहाव्या दिवशी मी ते पहिल्यांदा लावलं. आई म्हणाली, "आत्ता हे काय काढलंस? बाहेर माणसं येऊन बसलीयेत." मी म्हटलं, मावशीचं एक काम राहिलंय. तिला वाटलं कागदपत्रं शोधतोय, म्हणून तिने दार ओढून घेतलं आणि ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याहून आलेल्या लोकांना पाणी द्यायला गेली. मी तुझ्या खुर्चीत बसलो. ती अजून डावीकडे कलते. तुला शंभर वेळा सांगितलं होतं की बदल, आणि तू शंभर वेळा म्हणालीस की मी पण डावीकडेच कलते, आमचं जमतं.

लोक तुझ्याबद्दल बोलतायत ते ऐकून मला चीड येते. "मोठी सोज्वळ बाई होती." सोज्वळ कुठली? तू भांडखोर होतीस. तीस वर्षं पोरांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवलीस, आधी पॉलिटेक्निकात आणि निवृत्तीनंतर इंदरगंजला त्या पहिल्या मजल्यावरच्या क्लासमध्ये, आणि या तीस वर्षांत कोणाचं म्हणणं तू नुसतं ऐकून मान्य केलं असेल असं मला आठवत नाही. "सांगू नको, दाखव." पोरांशी हिंदीत, आमच्याशी मराठीत, पण वाक्य तेच. आईने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी तू म्हणायचीस, दाखव, आणि तिची वाटी ओढून घ्यायचीस.

मला तू सी शिकवलीस ती थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि पॉइंटर म्हटलं की मी वही मिटायचो. तू मला बाहेर काढलंस, एप्रिलच्या उन्हात, आणि कॉलनीच्या फाटकाशी उभं केलंस. क्वार्टरांची एक सरळ रांग, सगळे सारख्या रुंदीचे. "सातव्या घरी जा." गेलो. "परत ये फाटकाशी. आता आठव्या घरी जा." गेलो. "परत ये. आता नवव्या." तिसऱ्या फेरीला माझा शर्ट पाठीला चिकटला. समोरच्या शर्मा आंटी खिडकीतून म्हणाल्या, "दीदी, लड़के को सज़ा किस बात की दे रही हो?" तू म्हणालीस, "सज़ा नहीं है, सी है."

मग समजावलंस. ॲरे म्हणजे ही रांग. इंडेक्स म्हणजे घराचा नंबर. सातवं घर म्हटलं की मशीन दर वेळी फाटकापासून हिशोब करतं: नंबर गुणिले घराची रुंदी, त्यात फाटकाचा पत्ता मिळव, मग जा. "आता सातव्याच्या दारात उभा राहा आणि एक घर पुढे सरक. सरकलास? फाटकाकडे गेलास का? गुणाकार केलास का? हा पॉइंटर. पॉइंटरला पत्ता माहीत असतो, त्यात एका घराची रुंदी मिळवली की झालं. म्हणून तो वेगवान." मी म्हटलं, एवढंच सांगायचं होतं तर पंख्याखाली बसून सांगता आलं असतं. तू म्हणालीस, पंख्याखाली तुझ्या डोक्यात घुसलं नसतं.

खरं सांगायचं तर मी या धंद्यात आलो तो त्याच्या दुसऱ्या दिवसामुळे. तू म्हणालीस, "गुण नावाची ॲरे आहे. गुण, आणि कंसात तीन, असं लिहितोस ना? उलटं लिही. तीन, आणि कंसात गुण." मी म्हटलं, हे काय वेड्यासारखं, हे चालणारच नाही. "दाखव." मी लिहिलं आणि ते चाललं. बरोबर तोच आकडा आला. मी पडद्याकडे बघतच राहिलो. तू इतकी खूष होतीस की खुर्चीत मागेपुढे झुलत होतीस. "अरे, कंस म्हणजे नुसता शिष्टाचार. कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा तो, आधी कंस मोडतो. रांगेचा पत्ता अधिक तीन. आता बेरीज आहे तर कोण आधी आणि कोण मागे, काय फरक पडतो?" हे त्या कंपायलरच्या पोटात कोणी ठरवलं, कसं ठरवलं, आणि तो आणखी काय काय मोडत असेल, याची मला जी उत्सुकता लागली ती आजपर्यंत सुटलेली नाही. आज मी कंपायलरवरच काम करतो. लोक विचारतात हे क्षेत्र कसं निवडलं, तर मी काहीतरी शहाण्यासारखं सांगतो. खरं उत्तर तू खुर्चीत झुलत होतीस हे आहे.

आता ती दिवाळी. बारा वर्षं झाली. माझी पहिली नोकरी, सुट्टीवर आलो होतो, पाय जमिनीवर नव्हते. इंदरगंजला तुला घ्यायला क्लासमध्ये आलो तेव्हा तू फळ्यावर दोन लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करवणाऱ्या ओळी, लिहिले होतेस. दोन्ही एकच काम करणारे, रांगेतल्या सगळ्या गुणांची बेरीज. डावीकडचा इंडेक्सने, उजवीकडचा पॉइंटरने. तू म्हणत होतीस, दाहिना वाला तेज़ है. आणि मी दारातून म्हणालो, "मावशी, असं काही राहिलं नाही आता."

वीसेक पोरं मागे वळून बघायला लागली. तू म्हणालीस, "दाखव." मी लॅपटॉप उघडला, दोन्ही लूप टाईप केले, कंपायलरने त्यांचं काय केलं ते शेजारी शेजारी लावून दाखवलं. ओळ अन् ओळ सारखी. मी पोरांना ऐटीत सांगितलं की कंपायलर आता आधी सबंध लूप वाचतो. त्याला दिसतं की नंबर दर वेळी एकानेच वाढतोय, मग तो गुणाकार फेकून देतो आणि स्वतःच घरोघरी चालायला लागतो. तुम्ही फाटकाचं नाव घ्या नाहीतर दाराचं, तो करायचं तेच करतो. एक जण म्हणाला, "मैडम, आपका पॉइंटर तो रिटायर हो गया." सगळे हसले. तूही हसलीस. मग खडू माझ्या हातात दिलास आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलीस, आणि मी वीस मिनिटं शिकवलं. किती मोठा झाल्यासारखं वाटलं होतं मला. परत येताना तू फक्त एक विचारलंस: "तू कंपायलरला हुकूम दिलास तो एकाच अक्षराचा होता. एवढ्यात होतं?" मी म्हटलं, "होतं. कंपनीची सवय आहे."

त्यानंतर आपलं भांडण फोनवर चालू राहिलं. "काय म्हणतो तुझा कंपायलर?" हा तुझा नमस्कार. मी एकदा सांगितलं की कधीकधी तो तुझा पॉइंटरसुद्धा मोडतो आणि त्याचा इंडेक्स करतो, कारण आताच्या प्रोसेसरला पत्ता अधिक नंबर गुणिले चार हे एका दमात जमतं, वेगळा गुणाकार लागतच नाही. तू मला ते दोनदा सांगायला लावलंस. मग म्हणालीस, "आगाऊ आहे मेला," आणि फोन आईकडे दिलास. मला वाटायचं तू ऐकत नाहीस. मला वाटायचं तू क्लासमध्ये अजून तेच जुनं शिकवत असशील आणि माझ्याशी तोंडदेखलं भांडत असशील. मजा यायची.

मग आजारपण. मी घरूनच काम करायचं ठरवून ग्वाल्हेरला येऊन राहिलो. त्याचं कौतुक कोणी करू नये, कारण शेजारच्या खोलीत बसून मी दिवसभर मीटिंगाच करायचो. जानेवारीतल्या एका दुपारी तू हाक मारलीस. उशी नीट केली, तुला बसतं केलं. तू म्हणालीस, "मंदार, ते दोन लूप आहेत ना, ते माझ्या मशीनवर एकदा चालवून दाखवशील का?"

मी म्हटलं, "अगं, तेच येणार."

"नाही, मला उगाच वाटतंय काहीतरी."

"मावशी, ठेव ना आता ते. आराम कर."

तू माझ्याकडे बघितलंस. "बरं. तू म्हणतोस तर तेच येत असेल." आणि मग चहात आलं घालायला सांगितलंस. माझी मीटिंग होती. तीन आठवड्यांनी तू गेलीस.

तू "तू म्हणतोस तर" असं म्हणालीस, हे त्या वेळी माझ्या कानाला खटकायला हवं होतं. कोणाच्या म्हणण्यावर तू कधी काही सोडलं होतंस?

पाचव्या दिवशी गुप्ताजींचा फोन आला, तुझ्या क्लासखालचे फोटोकॉपीवाले. बिचारे अडखळत बोलत होते. "भैया, बुरा मत मानना, टाइम नहीं है ये, पर तेरहवीं के बाद नया बैच है, शबाना मैडम लेंगी. नोट्स की मास्टर कॉपी घिस गई है, कुछ पन्ने दोबारा लिखने पड़ेंगे." शबाना म्हणजे तुझी ती विद्यार्थिनी, जिला तू एका चुकीच्या सेमिकोलनसाठी रडवलं होतंस आणि मग दहा वर्षं शेजारी बसवून तयार केलंस. मी जाऊन तो गठ्ठा घेऊन आलो. तुझं अक्षर, तेच उजवीकडे पळणारं. पान एकतीसवर ते दोन लूप होते. खाली तुझी मूळ ओळ: "पॉइंटर वाला लूप तेज़, क्योंकि पता हर बार नए सिरे से नहीं निकालना पड़ता." मी मनात तयारीच केली होती की ही ओळ आपण सुधारायची, नम्रपणे, कंसात काहीतरी लिहून.

पण ती आधीच खोडलेली होती. एक सरळ रेघ, पट्टी लावून मारलेली. त्याखाली लाल शाईने: "ग़लत. दोनों बराबर हैं. मेरे भानजे ने करके दिखाया है." तारीख त्या दिवाळीनंतरच्या आठवड्यातली.

मला काय वाटलं सांगू? पहिल्यांदा अभिमान. अगदी खरं सांगतोय. गुप्ताजींच्या स्कूटरशेजारी उभा राहून मला छाती फुगल्यासारखं झालं, की मावशीने माझं नाव पानावर लिहिलं. बारा वर्षं, बॅचमागून बॅच, शेकडो पोरांनी माझं म्हणणं उतरवून घेतलं. आणि तू फोनवर एकदाही बोलली नाहीस, वरून भांडत राहिलीस. मग घरी येईपर्यंत ती जानेवारीतली दुपार डोक्यात यायला लागली. मान्यच केलं होतंस तर मला परत कशाला विचारलंस?

म्हणून सहाव्या दिवशी तुझं मशीन. मी दोन्ही लूप लिहिले, आणि तुझी पोरं लिहितात तसाच साधा हुकूम दिला, पूर्ण, अक्षर अन् अक्षर. मग कंपायलरने काय उतरवलं ते उघडलं. डावीकडे, इंडेक्सच्या लूपमध्ये, बेरजेच्या एका फेरीला आठ पायऱ्या: नंबर उचल, तो पत्त्याच्या मापाचा कर, चारने गुण, रांगेची सुरुवात आण, मिळव, त्या घरातला आकडा वाच, बेरजेत टाक, नंबर वाढव. उजवीकडे पाच. पॉइंटर उचल, पुढच्या घराचा पत्ता काढ, तो ठेव, आकडा वाच, बेरजेत टाक.

मी चष्मा पुसला. पुन्हा चालवलं. मग वेळ मोजली, खूप मोठी रांग देऊन. पॉइंटरवाला आधी संपला. फार नाही, पण दर वेळी आधी. तुझं मशीन जुनं, प्रोसेसर किरकोळ. नव्या मशीनवर घड्याळाला हा फरक दिसेल की नाही मला शंका आहे, ते बघायला हवं. पण क्लासमधली मशीनं तुझ्याबरोबरच घेतलेली, याच जातीची.

आणि तेव्हा ते एक अक्षर आठवलं. कंपनीत आम्ही कंपायलरचा लांबलचक हुकूम एका अक्षरात बांधून ठेवायचो, आणि त्या अक्षरात "नीट सुधारून दे" ही सूचना आधीच घातलेली असायची. ती सूचना दिली तरच तो सबंध लूप वाचतो, गुणाकार फेकतो, शहाणपणा करतो. नाही दिली तर तो तू लिहिलंस ते शब्दशः उतरवतो, एक एक पायरी, अगदी फाटकापासून. तुझ्या पोरांना ती सूचना माहीतच नव्हती, कारण पहिल्या वर्षाला कोणी ती शिकवत नाही. मी तुझ्या मशीनवर ती घातली. लगेच दोन्ही सारखे, ओळ अन् ओळ. काढली की आठ आणि पाच. घातली, काढली. मी हे कितीदा केलं कोण जाणे. मधे एकदा तर हे कशासाठी चाललंय हेच मी विसरलो आणि मी मागे वळून तुला म्हणणार होतो, अगं बघ, इंडेक्सचा नंबर ऋण होऊ न शकणाऱ्या जातीचा घेतला तर आणखीनच वेगळं येतंय. मागे तुझा पलंग होता, गादी गुंडाळलेला.

मावशी, त्या दिवाळीत मी खोटं बोललो नव्हतो. पण मी माझ्या मशीनवरचं खरं तुझ्या पोरांना तुझ्या मशीनवरचं म्हणून विकलं. तू विचारलं होतंस, एका अक्षरात होतं का. तू नेमकं तिथेच बोट ठेवलं होतंस आणि मी सवय म्हणून उडवून लावलं. आणि तू, जी सख्ख्या बहिणीच्या भाजीवर विश्वास ठेवत नव्हतीस, पट्टी लावून स्वतःची बरोबर ओळ खोडलीस.

शबानाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भैया, दिसंबर में पूजा ने यही पूछा था. बैच में सबसे चुप लड़की है. उसने दोनों लूप टाइम किए थे, बोली मैडम, बराबर नहीं आ रहे. मैडम ने उसकी कॉपी देख ली. बोलीं, मंदार से पूछकर बताऊँगी."

"मग?"

"फिर तबीयत बिगड़ गई. फ़ोन पर पूछती तो बोलती थीं, मंदार देख रहा है, बहुत बिज़ी रहता है."

हे ऐकून मी फोन ठेवला आणि रडलो. तू गेलीस त्या दिवशी नव्हतो रडलो. तेव्हा माणसं बोलवायची होती, गाडी बघायची होती.

काल तुझा तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर आईने ताटं आवरली आणि मी तुझ्या टेबलाशी बसून पान एकतीस नवं लिहिलं. टाईप करणार होतो, पण गुप्ताजी म्हणाले होते की बच्चे मैडम की लिखाई पहचानते हैं, तेव्हा निदान हाताने तरी. तुझी मूळ ओळ जशीच्या तशी घातली. लाल शाईतली काढली. खाली एवढं लिहिलं की कंपायलरला सुधारायची सूचना दिली तर दोन्ही बहुधा सारखे होतात, दोन्ही प्रकार स्वतः चालवून बघावेत, आणि आधीच्या प्रतींमध्ये इथे जी चूक होती ती मैडमची नाही. आज सकाळी ते पान दुकानात दिलं तर गुप्ताजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मैडम की लाइन काट दी क्या?" मी म्हटलं, "नहीं, अपनी काटी है."

मग वर गेलो. शबानाने मला पहिला तास दिला होता. मी फळ्यावर दोन्ही लूप लिहिले, क्लासच्या मशीनवर साधा हुकूम देऊन चालवले, मग सूचना घालून चालवले. पोरं पुढे सरकून बघत होती. नोट्स आधीच चाळून आलेल्या एकाने लगेच विचारलं की तीन कंसात गुण लिहिलं तर किती पायऱ्या येतील, आणि मला माहीत असूनही मी सांगितलं नाही, त्यालाच बसवलं. बरं चाललं होतं सगळं. तुला आवडलं असतं.

जुन्या बॅचची पूजा मुद्दाम आली होती. शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर तिची ती वही. सगळे मशीनभोवती जमले तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भैया, मेरा सही था?"

"बिल्कुल सही था."

"तो मैडम को पता था?"

"शक था उनको. उन्होंने मुझसे कहा था, मेरी मशीन पर चलाकर दिखा."

"फिर आपने दिखाया?"

काहीतरी सांगता आलं असतं. तब्येत, वेळ, काम. ती वाट बघत उभी होती, तू उभी राहायचीस तशी नाही, अगदी घाबरत, वही छातीशी धरून.

"नहीं," मी म्हणालो. "मैंने देखा ही नहीं. मुझे लगा मुझे पता है."

तिने मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. एवढी तीन वाक्यं होती, मावशी. जानेवारीत ती तुला सांगायची होती.